यमुनाबाईचं शेवटचं कडवं

यमुनाबाईचा आवाज मोठा होता असं कोणी सांगितलं, तर त्यानं तो ऐकलेला नाही असं खुशाल समजावं. मोठा आवाज भांडखोरांचाही असतो. यमुनाबाईचा आवाज लांब जाणारा होता. छिंदवाड्याकडच्या रामाकोना गावच्या संत्र्याच्या बागांत फळांचा तोडा चालू असला की ती एका टोकाला गाणं धरायची आणि पार दुसऱ्या टोकाच्या बायका ते उचलायच्या. बागेचा मालक म्हणायचा, "यमुने, तू गाऊन राहिली का तोडा लवकर होते. चूप बसली का ह्या बायका गोठी करत बसतात." ह्याला कौतुक म्हणायचं की कामाचा हिशोब, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मालक लोकांच्या तोंडून ह्याहून निव्वळ कौतुक सहसा निघत नाही.

नवरा शालिकराम तिच्या अगदी उलट. मुखदुर्बळ इतका, की सोयऱ्यांकडे जेवायला बसला आणि वरणात मीठ नसलं तर मागायचा नाही, तसंच अळणी गिळायचा. पण ढोलकी मांडीवर आली की माणूस बदलायचा. वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलकीवर तो आणि पुढे यमुनाबाई, अशी ती जोडी होती. भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कोणाच्या लग्नाला, लोधीखेड्यापासून मोहगावपर्यंत त्यांना बोलावणं असायचं.

ह्या पार्ट्यांचा आपसात एक नेम होता. गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात यायचं. दुसऱ्या गावच्या पार्टीला ते गाणं पाहिजे असलं तर त्यांनी रचणाऱ्याच्या दारात यायचं, चहा प्यायचा, आणि सगळं गाणं, शेवटच्या कडव्यातल्या नावासकट, त्याच्यासमोर एकदा गाऊन दाखवायचं. गाऊन दाखवलं की गाणं त्यांचंही झालं. मग त्यांनी ते कुठेही गावं, कोणी अडवत नसे. नाव मात्र गाळायचं नाही. एका पार्टीनं एकदा दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव घुसवलं होतं, तर त्यांच्या स्टेजसमोरून अख्खी वस्ती सतरंज्या झटकून उठून गेली. कोर्ट नाही, कचेरी नाही, आणि तरी कोणाचं गाणं चोरीला जात नव्हतं.

यमुनाबाईनं गाणी बरीच रचली, पण ज्या गाण्यानं पुढे तिच्या घराची झोप उडवली ते चंद्रकलाचं. चंद्रकला तिची एकुलती लेक. पोर तिसरीत असताना एके दिवशी चुलीपुढे बसून किराण्याच्या पुडीचा कागद वाचायला लागली. अडखळत, पण मोठ्यानं. कागदावर होतं काय, तर कुठल्याशा बियाण्याच्या दुकानाची जाहिरात. इकडे यमुनाबाईची भाकर तव्यावर करपली. नवऱ्याला जेमतेम वाचता यायचं, पण आपल्या रक्ताचं कोणी कागदाकडे पाहून बोलतंय, हे तिच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. भांडी घासता घासता तिला गाणं सुचलं:

चुलीतला उजेड बाई, पाटीपाशी नेला,
लेकीनं माह्या अंधाराचा हिशोब चुकता केला.

पुढे तीन कडवी झाली आणि रिवाजाप्रमाणे शेवटचं नावाचं:

यमुना सांगे, मले बाई अक्षर नाही आलं,
लेक वाचते, तिच्या तोंडून माह्यं बोलणं झालं.

ह्या कडव्याला शालिकराम ढोलकी हलकी करायचा. समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि पुरुष उगीच इकडेतिकडे बघायचे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास कॅसेटांचं पेव फुटलं. ज्याच्या छपरावर धड कवेलू नव्हते त्याच्याही घरी टेपरेकॉर्डर यायला लागला. त्या दिवसांत नागपूरच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस जयंतीच्या कार्यक्रमाला आला. अनिल त्याचं नाव. अंगात सफारी, हातात सुटकेस, बोलायला गोड. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. ह्या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलात तर हाती धत्तुरा लागेल. यमुनाबाईनंही पुढे पुष्कळ शोधला. तिलाही सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अनिल तिच्या दारात हजर. "यमुनाबाई, ते लेकीचं गाणं आम्हाले पाहिजे. कॅसेट काढतो. मुंबईपर्यंत वाजन."

"घ्या ना बाप्पा," यमुनाबाई म्हणाली. "पण आंधी गाऊन दाखवा."

"कोण? मी?"

"आमच्यात तसंच असते. दारात गाऊन दाखवल्याबिगर गाणं देत नाही आमी."

अनिल खो खो हसला. "मले गाता आलं असतं बाई, तं कायले हे सुटकेस घेऊन गावोगाव फिरलो असतो?"

ओसरीवरचे सगळे हसले. यमुनाबाईही हसली. आणि हसता हसता तिनं आयुष्यात पहिल्यांदा तो नेम मोडला. पाहुणा आहे, शहरातला आहे, नाही गाता येत तर नाही येत, असं तिला वाटलं. तिच्या समजुतीनं ती आणखी एका पार्टीला गाणं देत होती, बाकीच्या पार्ट्यांना दिलं तसंच. नाव तर शेवटच्या कडव्यात आहेच, मग भ्यायचं कशाला? अनिलनं कागद पुढे केला, तिनं अंगठा दिला. शालिकरामनं खाली सही केली. त्यानं कागद वाचायला घेतला होता, पण पाहुण्यासमोर वाचत बसणं त्याला बरं दिसेना.

गाणं आपणच म्हणायचं आहे, असं तिला वाटत होतं. तसं बोलावलंही होतं. नवं पातळ नेसून ती नागपूरला गेली, माइकपुढे उभी राहिली, आणि पहिल्याच ओळीला काचेमागचा माणूस कानावरचं यंत्र काढून ओरडला. मग तिला जरा लांब उभं केलं. मग भिंतीपाशी, मग दारापाशी. आणखी मागे नेली असती तर बाई रस्त्यावर गेली असती. शेवटी ते लोक आपसात कुजबुजले आणि तिला चहा दिला. महिनाभरानं तेच गाणं एका शिकलेल्या गायिकेच्या आवाजात बाहेर आलं.

तिनं ते पहिल्यांदा ऐकलं सौंसरच्या बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर. गायिकेचा आवाज गोड होता, त्यात काही खोट नाही. यमुनाबाई हातातली पिशवी घट्ट धरून शेवटच्या कडव्याची वाट बघत उभी राहिली. तिसरं कडवं संपलं आणि दुसरंच गाणं सुरू झालं.

"भाऊ, पट्टी तुटली का?" तिनं टपरीवाल्याला विचारलं.

"नाई बाई. एवढंच हाय ते."

कडवं वेळेत बसत नव्हतं म्हणून कापलं, असं नंतर कळलं. आठ दिवस ती भांड्यांवर राग काढत होती. मग स्वतःच स्वतःची समजूत काढली. "नाव खाल्लं त्याईनं माह्यं. खाऊ दे. गाणं ऐकून पोट्ट्या शाळेत तं जाऊन राहिल्या ना." माणूस असाच आपल्या जखमेवर आपणच फुंकर घालतो. दुसऱ्या कोणाला वेळ नसतो.

एव्हाना ती सौंसरला आली होती. शेतमजुरांच्या मुलींसाठी तिथे एक वसतिगृह होतं, वस्तीतल्या नोकरदार लोकांनी पदरमोड करून चालवलेलं. यमुनाबाई तिथे स्वयंपाकाला आणि शालिकराम राखणीला. राहायला आवारातच एक खोली. मुली तिला बडीमाय म्हणायच्या. संस्थेचे सचिव केशवराव पोस्टात होते. पोस्टातली टाचणीसुद्धा घरी न आणणारा माणूस. इमानदारीचं त्यांना जवळजवळ व्यसनच होतं. आणि व्यसन कोणतंही असो, ते शेवटी घरच्यांच्या जिवावर येतं.

अठ्ठ्याऐंशीत केशवरावांच्या मनात आलं, वसतिगृहाची एक व्हिडिओ फिल्म काढावी. देणगी देणारे लोक शहरात बसलेले. त्यांना इथवर आणायचं कसं? त्यापेक्षा टेप न्यावी आणि टीव्हीवर दाखवावी. पांढुर्ण्याला सुधाकरचा फोटो स्टुडिओ होता, तो लग्नांची शूटिंग करायचा. त्यानं अर्ध्या पैशात काम घेतलं, आणि नेहमीच्या सवयीनं लग्नातला वर उभा करावा तसं केशवरावांना शाळेच्या फळ्यापाशी उभं केलं, आणि मुलींना ताटं घेऊन रांगेनं चालवलं.

मग तो स्वयंपाकघराकडे वळला. यमुनाबाई चुलीपुढे होती. बरेच दिवस तिचा आवाज बसलेला होता. थंडी झाली, धूर लागला, असं काहीबाही ती सांगायची, आणि हळद-दूध घ्यायची. त्या दिवशी मात्र घसा मोकळा झाला. सुधाकर म्हणाला, "बडीमाय, आपलं रोजचं चालू द्या. कॅमेऱ्याकडं पाहू नका." तिनं पाहिलं नाही. भाकर थापता थापता गाणं धरलं, आणि पहिल्या ओळीपासून नावाच्या कडव्यापर्यंत सगळं म्हटलं. धुरामुळे सुधाकर आत येऊ शकला नाही, अंगणातूनच कॅमेरा लावून उभा होता. तेच बरं झालं. तेवढ्या अंतरावरून तो आवाज जसा होता तसा टेपमध्ये उतरला. मोठ्या शहरातल्या लोकांना जे साधलं नाही ते चुलीच्या धुरानं साधून दिलं.

केशवरावांनी फिल्मच्या दोन टेपा करून घेतल्या. मूळ टेपवर सुधाकरनं पुढच्याच आठवड्यात कोणाचं तरी लग्न भरलं. त्याचा धंदाच तसा होता.

त्यानंतर यमुनाबाईचा आवाज परत बसला आणि उठला नाही. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा शालिकराम तिला नागपूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागेल, नाहीतर बाई हाती लागणार नाही. जीव पाहिजे की आवाज, असं विचारल्यावर माणूस काय सांगणार? शालिकरामनं मान हलवली. यमुनाबाईनं डॉक्टरांना एकच विचारलं, घोगऱ्या, फाटक्या आवाजात, "थोडासाबी राहणार नाई का?" हे तिचं शेवटचं बोलणं. डॉक्टर म्हणाले, नाही.

परत आली तेव्हा गळ्याच्या खालच्या बाजूला भोक होतं आणि श्वास त्यातूनच जायचा. त्यावर ती पांढरा रुमाल बांधायची. नवीन मुली आधी घाबरल्या, मग सरावल्या. स्वयंपाक तीच करायची. काही पाहिजे असलं की पळी आपटायची. भांडण झालं तर दोनदा आपटायची.

केशवरावांनी तिला ऑफिसात बोलावून फिल्म दाखवली. तिनं तोवर ती पाहिलीच नव्हती. टीव्हीवर चूल आली, धूर आला, आणि धुरातून तो आवाज आला. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे तिला पन्नाशीत, आवाज गेल्यावर कळलं. ती हसली, मग रडली, मग बोट फिरवून खूण केली, परत लावा. केशवरावांनी परत लावली. शालिकरामनं नकळत टेबलावर ठेका धरला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती ऑफिसच्या दाराशी येऊन बसायची आणि केशवराव हातातलं काम ठेवून टेप लावायचे. चंद्रकला तेव्हा छिंदवाड्याला मास्तरणीचं शिक्षण घेत होती. तिची लेकरं होतील, त्यांना आजी कशी गायची ते ऐकायला मिळेल, एवढा एकच विचार यमुनाबाईला धरून होता. कॅसेटमध्ये परक्या बाईचा आवाज होता. तिचा स्वतःचा आवाज ह्या जगात एकाच ठिकाणी उरला होता, तो केशवरावांच्या कपाटातल्या त्या टेपांत.

आणि मग हात दाखवून अवलक्षण झालं. केशवरावांनी फिल्म नागपूरला एका सभेत दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, थोडीफार देणगीही दिली. सभेत कंपनीच्या ओळखीचं कोणीतरी होतं. पंधरवड्यात कंपनीची नोटीस आली. गाण्याचे शब्द आणि चाल कंपनीच्या मालकीची आहे, संस्थेनं परवानगी न घेता ती फिल्ममध्ये वापरली आहे. फिल्ममधून गाणं काढा आणि नुकसानभरपाई द्या, नाहीतर कोर्टात या.

केशवरावांनी नोटीस दोनदा वाचली. ते छिंदवाड्याला वकिलाकडे गेले. "साहेब, आम्ही काही धंदा नाही करून राहिलो. मजुरांच्या पोरी शिकवून राहिलो. एक पैसा कोणी घरी नेत नाही." वकिलानं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, तुमचं काम पुण्याचं आहे, पण पुण्य करतानाही दुसऱ्याचा माल विचारूनच घ्यावा लागतो. केशवराव म्हणाले, "पण जिनं गाणं रचलं तीच गाऊन राहिली, साहेब. स्वतःच्या चुलीपुढं." वकील म्हणाला, बाईनं गाणं दिलं तेव्हाच ते तिचं राहिलं नाही. आता ती गात असली तरी कंपनीचं गाणं गातेय. ह्यावर केशवरावांना काही सुचलं नाही. मलाही अजून सुचलेलं नाही. कायदा खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

शालिकरामला मात्र एक गोष्ट सुचली. जन्मात कोणाकडे मीठ न मागणारा तो माणूस यमुनाबाईला घेऊन नागपूरला कंपनीच्या ऑफिसात गेला आणि अनिलपुढे उभा राहिला. वाटेत गाडीत त्यानं ते बोलणं मनाशी घोकलं होतं.

"अनिलभाऊ, कॅसेटीत तुम्ही शेवटचं कडवं घेतलंच नाही. तुम्हाले ते नको होतं. मतलब ते तं आमचंच राहिलं ना? मंग फिल्ममधलं बाकीचं सारं काढून टाका. तेवढं कडवं राहू द्या. दोन ओळी हायेत, भाऊ. तिचं नाव हाय त्याच्यात."

यमुनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. एवढं लांब बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं.

अनिलनं खुर्ची दिली, चहा मागवला. तिच्या गळ्यावरच्या रुमालाकडे बघून त्याला भडभडून आलं होतं. तो आत साहेबांकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा उभ्या उभ्याच बोलला. "साहेब म्हणतात, अंगठा सगळ्या गाण्याच्या खाली आहे, कडव्यासकट. अन् चाल तं तीच आहे ना. आज एकाले सूट दिली तं उद्या प्रत्येक मंडळ, प्रत्येक संस्था येईन." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नुकसानभरपाई मी माफ करून घेतली. पण टेपा माह्यासमोर पुसाव्या लागतीन. माह्या हातात एवढंच होतं, शालिकभाऊ."

ह्याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि ज्याचा राग करावा तो समोर डोळे पुसत उभा. यमुनाबाईला त्या घटकेला तोंडात येतील तेवढ्या शिव्या द्यायच्या होत्या. तोंडात सगळ्या आल्याही. त्या तिथेच राहिल्या.

केशवराव तिच्या खोलीवर आले. खाटेवर न बसता उंबऱ्यातच बसले. "यमुनाबाई, तुम्ही म्हणाल तसं करू. तुम्ही नाही म्हटलं, तं मी कोर्टात जातो. पण केस लागली का सरकारी अनुदान अडकते, अन् अनुदान अडकलं का वसतिगृह बंद. पोरी परत शेतात निंदणाले जातीन." असं सांगून ते म्हणत होते, तुम्ही म्हणाल तसं. विहिरीच्या कडेला उभं करून कुठे जायचं ते विचारण्यातलाच हा प्रकार. पण केशवरावांना दुसरं काय येत होतं?

बाहेर मुली ताटं धूत होत्या, एकमेकींवर पाणी उडवत होत्या. यमुनाबाईनं तिकडे पाहिलं. तिनं हातानं खूण केली: टेप, आणि मग स्वतःच्या छातीवर बोट. एक माझ्यासाठी ठेवा.

केशवरावांनी मान खाली घातली. "एकही टेप ठेवली नाही असं लिहून द्यावं लागते मले. खोटं नाही लिहिलं जात बाई माह्याच्यानं."

तिनं गळ्यावरचा रुमाल नीट केला. मग मान हलवली. हो म्हणून. केशवराव तिच्या पाया पडायला वाकले तशी ती मागे सरली.

दोन दिवसांनी पांढुर्ण्याला सुधाकरच्या स्टुडिओत अनिलसमोर काम झालं. चित्र ठेवलं, त्या जागचा आवाज काढला आणि मोकळ्या जागेत सनई भरली. सनई सुधाकर प्रत्येक लग्नाच्या टेपमध्ये भरायचा तीच. ती कोणी वाजवलेली, कोणाच्या मालकीची, कोणाला विचारून घेतलेली, हा प्रश्न तिथे कोणालाही पडला नाही. अनिलनं दोन्ही टेपा तपासल्या आणि न जेवताच बस पकडली.

रविवारी चंद्रकला छिंदवाड्याहून आली. हातात मैत्रिणीकडून मागून आणलेला टेपरेकॉर्डर आणि दोन कोऱ्या कॅसेटा. तिला नोटिशीबद्दलचं घरचं पत्र मिळालं होतं, आणि मिळाल्याबरोबर तिच्या ध्यानात आलं होतं की टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून आईचा आवाज उतरवून घेता येईल. पाच मिनिटांचं काम. शालिकरामला ते सुचलं नाही. यमुनाबाईलाही नाही. केशवरावांना सुचलं असतं तरी त्यांनी केलं नसतं. वरातीमागून घोडं आलं होतं. चंद्रकला ते यंत्र मांडीवर घेऊन अंगणात बसून राहिली. यमुनाबाईनं तिच्या ताटात भाकर वाढली, वर लोणी ठेवलं, आणि जेव अशी खूण केली. पोरीनं ताट बाजूला सरकवलं.

"बाबा, मले आंधी काऊन नाई सांगितलं?" तिनं विचारलं.

शालिकराम म्हणाला, "तुह्या परीक्षा होत्या ना बाई."

वर्षअखेरीस वसतिगृहाचा वार्षिक कार्यक्रम झाला. दुपारची वेळ. हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, टेबलावर टीव्ही, खाली व्हीसीआर. पाहुण्यांना फिल्म दाखवायची होती. केशवरावांनी यमुनाबाईला पुढच्या ओळीत बसवलं. ती येत नव्हती. चंद्रकलानं हाताला धरून आणलं.

टीव्हीवर शाळेचा फळा आला, केशवराव आले, ताटांची रांग आली. मग चूल आली, आणि चुलीपुढे यमुनाबाई. पडद्यावर तिनं तोंड उघडलं आणि सनई सुरू झाली. भाकर थापताना तिचे ओठ हलत होते, मान डोलत होती, गळ्याची शीर ताणलेली दिसत होती, आणि सगळ्या हॉलभर लग्नाची सनई वाजत होती. पाहुण्यांत कोणीतरी हळूच हसलं. त्यांचाही काही दोष नाही. ते दिसत होतंच हसण्यासारखं.

मागच्या बाजूला जमिनीवर मुली बसल्या होत्या. त्यातल्या मोठ्या, बडीमायचा आवाज जाण्याआधी रोज चुलीपाशी ते गाणं ऐकून वाढलेल्या. ओठ कुठल्या शब्दाला कसे हलतात, हे त्यांना पाठ होतं. एका मुलीनं पडद्यावरच्या ओठांबरोबर हळूच म्हणायला सुरुवात केली. दुसरीनं धरलं. मग दहा जणींनी. सनईच्या वर ते गाणं चढायला लागलं. केशवराव दचकून उठले, पाहुण्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मुलींना गप्प बसवायचा त्यांना धीर झाला नाही. ते परत खाली बसले.

तिसरं कडवं संपत आलं. आता नावाचं कडवं येणार होतं. यमुनाबाई ताडकन उठून मुलींकडे वळली. तिला सांगायचं होतं, म्हणा, मोठ्यानं म्हणा, थांबू नका, ते कडवं कोणाच्या बापाचं नाही. तिनं दोन्ही हात वर केले आणि छातीतला सगळा दम एकवटून जोर लावला. गळ्यावरचा रुमाल उडाला, भोकातून शिट्टीसारखी हवा सुटली आणि पाठोपाठ खोकला आला. डोळ्यांना पाणी आलं, चेहरा लालबुंद झाला.

मुली घाबरल्या. गाणं जिथल्या तिथे थांबलं. "बडीमायले काहीतरी होऊन राहिलं! पाणी आणा, पाणी!" सगळ्या एकदम उठल्या, कोणी माठाकडे धावली, कोणी पाठ चोळायला लागली, कोणी ओढणीनं वारा घालायला. पडद्यावर तिचे ओठ शेवटचं कडवं म्हणत होते आणि तिकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं.

तिनं हातानं नाही नाही केलं. त्यांना वाटलं, दम लागतोय.

पहिलीतली एक पोरगी भरलेला पेला दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून हळूहळू चालत तिच्यापर्यंत आली. "घे ना बडीमाय," ती म्हणाली. यमुनाबाईनं तिच्याकडे पाहिलं, पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.